राजमाचीचा ओढा आणि हौसिंगमधलं पाणी : जुन्या जिप्सीची देखभाल

कातळवाट

मंडळी, या पावसाळ्यात माझ्या हलगर्जीपणामुळे मारुती जिप्सीचं मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधला गिअर आणि तेल असलेला बंद डबा, गेलं. गाडी आता पुन्हा रस्त्यावर आली आहे. पण जे झालं ते सहज टळलं असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २००४ ची. १३०० सीसी पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन), कापडी टप. माझ्या आधी तिचे दोन मालक होऊन गेले. मुलुंडला सोसायटीच्या आवारात उघड्यावरच उभी असते. रोजचा प्रवास लोकलने, त्यामुळे गाडी बाहेर पडते ती सुट्टीला, आणि पडली की थेट घाटात. एक दिवस कस लागेपर्यंत काम आणि मग तीन आठवडे ओल्यात उभं राहणं. जुन्या फोर बाय फोरला, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला, याहून वाईट दिनक्रम नाही.

जुलैत राजमाचीला गेलो होतो. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, पण भर पावसात दोन-अडीच तास सहज जातात. वाटेत एका ओढ्यात पुढची गाडी दगडावर बसली. तिला दोर लावून काढेपर्यंत माझी गाडी मागे पाण्यातच उभी होती. पाणी चाकाच्या मध्याच्या थोडं वर. दहा-बारा मिनिटं. इंजिन चालू, आत पायाशी थेंब नाही. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी तीन तास गाडी धुतली. मॅट वाळवल्या, चाकांच्या कमानींतला चिखल काढला, काचा पुसल्या. गाडीखाली मात्र गेलो नाही. त्याच आठवड्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि गाडी पाच आठवडे जागची हलली नाही.

गणपतीला चिपळूणला निघालो. वडखळ सोडलं आणि मागून आवाज यायला लागला. पन्नासच्या पुढे गेलं की घुमल्यासारखा. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायचा, सोडला की त्याचा सूर बदलायचा. टायरचा आवाज असा बदलत नाही. कोलाडच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, मागच्या हौसिंगच्या पुढच्या तोंडाशी, जिथे इंजिनकडून जोर आणणारा शाफ्ट जोडतात तिथे, हात नेला तर चटका बसेल इतकं तापलेलं. चाळिसाच्या वेगाने माणगाव गाठलं, घरच्यांना एसटीत बसवून दिलं आणि मी गॅरेज शोधलं.

मेस्त्रींनी खालचा बोल्ट काढला. परातीत जे पडलं त्याला तेल म्हणणंच अवघड होतं. दूध जास्त झालेल्या कॉफीचा रंग, आणि घट्टपणा पातळ पिठल्यासारखा. पिनियनचं, म्हणजे शाफ्टकडच्या छोट्या गिअरचं, बेअरिंग काढलं तेव्हा त्याच्या रोलरवर आडव्या तांबूस रेषा होत्या. पाच आठवडे गाडी जिथे उभी होती तिथे त्या रोलरचा खालचा भाग पाण्यात होता, आणि नेमकी तिथेच गंजाची रेष उमटली होती. गाडी चालली तेव्हा त्या रेषेचे खड्डे झाले. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनचे दाते वाचले. ते गेले असते तर दोन्ही जोडीनेच बदलावे लागतात, आणि मग खर्चाचं गणित पार बदलतं.

एवढं सगळं लिहिण्यामागे एकच सांगणं आहे : ओढ्यातून आलेल्या गाडीचा पत्रा नंतर धुवा, आधी तिचं तेल पाहा. पाणी तेलापेक्षा जड. गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहिली की पाणी हौसिंगच्या तळाला बसतं. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी खाली वाटी धरून निचऱ्याचा बोल्ट अगदी हळू सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. पहिले थेंब पाण्याचे आले तर उत्तर मिळालं. तेलच आलं तर लगेच कसून टाकायचा. पाच मिनिटांचं काम आहे. माझं बेअरिंग त्या पाच मिनिटांपायी गेलं.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. खालचा बोल्ट हलवण्याआधी वरचा, म्हणजे तेल भरायचा बोल्ट उघडतोय याची खात्री करा. वरचा गंजून धरलेला असतो. खालून सगळं तेल सोडून दिलं आणि वरचा हललाच नाही, तर गाडी तिथेच अडकते.

घोडबंदरकर

वाचून पोटात गोळा आला. माझी २००८ ची आहे आणि मी गेल्या तीन पावसाळ्यांत एकदाही हौसिंगचं तेल पाहिलेलं नाही. पण एक कळलं नाही. पाणी फक्त चाकाच्या मध्यापर्यंत होतं म्हणताय, मग बंद हौसिंगमध्ये शिरलं कुठून? शाफ्टभोवती तेल अडवणारं रबरी सील फाटलं होतं का?

कातळवाट

सील जुनं होतं, पण फाटलेलं नव्हतं. मलाही हाच प्रश्न पडला होता. माणगावच्या मेस्त्रींनी समजावलं ते असं.

घाट चढून आलेलं हौसिंग आतून चांगलंच तापलेलं असतं. आतली हवा गरम, म्हणून फुगलेली. ते एकदम ओढ्याच्या गार पाण्यात बुडलं की हवा आक्रसते आणि आत ओढ तयार होते. ही ओढ भागवायला हौसिंगच्या वर एक छोटी श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजलेली असेल तर हवा मिळेल तिथून ओढली जाते, म्हणजे सीलच्या ओठातून, आणि त्याच्याबरोबर पाणीही. ब्रीदर उघडी असली पण पाण्याखाली गेली, तर ती स्वतःच पाणी पिते. माझी बुजलेली होती. आत चिखल वाळून अक्षरशः सिमेंट झालं होतं.

आता दोन्ही हौसिंगच्या ब्रीदरना तेल सहन करणारी रबरी नळी जोडून ती इंजिनच्या खोलीत वरपर्यंत नेली आहे. नळीचं तोंड खाली वळवून ठेवलंय आणि त्यावर जुन्या स्कूटरचा छोटा पेट्रोल फिल्टर बसवलाय, धूळ जाऊ नये म्हणून. नळी नेताना सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि चाकं पूर्ण खाली लोंबतात तेव्हा ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवा.

ओढा लागला की दोन मिनिटं आधी थांबायचं, हेही आता पाळतो. हौसिंग थोडं निवतं, आणि तोवर कुणीतरी उतरून काठीने खोली आणि तळ पाहून येतो.

एमएम५४०

फार चांगला धागा काढलात. मी ठाण्याचा. माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन असलेली. वडिलांनी घेतलेली. आमच्या घरात या गाड्यांविषयी वेगळाच जिव्हाळा, कारण आजोबा माझगावला नोकरीला होते, आणि विलिज जीपचे सुटे भाग आणून महिंद्राने त्यांची जोडणी सुरू केली ती माझगावातच. ते नेहमी सांगायचे.

तुम्ही तेलाचं लिहिलंत, मी ग्रीसबद्दल लिहितो. पाण्यातून आलेल्या गाडीचं दुसरं काम म्हणजे ग्रीस गन. शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे), शाफ्टची सरकती जोडणी, जिथे जिथे निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, आहे तिथे. दोन दाब मारून पुढे जायचं नाही. आतलं जुनं, चिखलाने काळं झालेलं ग्रीस क्रॉसच्या चारही कपांतून बाहेर येईपर्यंत आणि त्यामागून स्वच्छ नवं दिसेपर्यंत मारायचं. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही, तर त्या चौथ्यात पाणी आहे असं समजा. तोच कप पुढच्या उन्हाळ्यात कुरकुर करतो, आणि मग गिअर टाकताना खालून टक्क असा आवाज येतो.

जीपच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या शॅकलना (टोकाच्या झुलत्या कड्यांना) निपल असतात, त्यांनाही ग्रीस हवं. जिप्सीवाल्यांनी मात्र इथे थांबावं. तुमचे बुश, म्हणजे त्या सांध्यांतली अस्तरं, रबराचे आहेत. त्यांना ग्रीस चोपडलं तर रबर फुगून सुटतं. आवाज येत असेल तर बुश बदला.

एक विचारायचंय. जिप्सीला साठ-सत्तरच्या वेगात खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंग थरथरतं, हा त्रास तुमच्या गाडीला आहे का? माझ्या भाच्याने नुकतीच एक घेतली आहे. त्याला चार ठिकाणी चार वेगळी उत्तरं मिळाली.

कातळवाट

काका, होता. तीन वर्षांपूर्वी ऐरोलीच्या पुलावर असा झटका बसला होता की दोन्ही हातांनी धरूनही स्टिअरिंग ऐकेना. वेग चाळिसाखाली आल्यावर थांबलं. तो अनुभव मी विसरणार नाही. शेजारी माझी मुलगी बसली होती.

तेव्हा मला एका गॅरेजने स्टिअरिंग डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) बदलायला लावला. चार महिने बरं वाटलं आणि पुन्हा सुरू. डॅम्पर थरथर दाबतो, तिचं कारण घालवत नाही. मूळ दोष बहुतेक वेळा किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या, बेअरिंगमध्ये असतो. पुढच्या प्रत्येक चाकामागे वर एक आणि खाली एक, अशी एकूण चार. पुढच्या चाकांच्या गोलकावरचं सील जुनं झालं की आत चिखलाचं पाणी जातं, ग्रीस धुऊन निघतं, आणि बेअरिंग एकाच जागी दबून खड्डे पाडतं.

घरी पाहायची रीत अशी : पुढचा ॲक्सल जॅकवर उचला, चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिन. भाच्याला आधी हे करू द्या. त्यानंतर टायरॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं, चाकांचं बॅलन्सिंग आणि शेवटी डॅम्पर, या क्रमाने. चारही बेअरिंग एकदम बदलायची, आणि खाली घालायच्या पातळ चकत्या मोजून. चकत्या जास्त झाल्या की स्टिअरिंग सैल राहतं, कमी झाल्या तर इतकं घट्ट होतं की वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही.

ओलीचिंब

माझी गाडी माहीमला उभी असते, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. तुम्हा सगळ्यांचे यांत्रिक त्रास वाचले, पण माझी लढाई पत्र्याशी आहे. इंजिन उघडून बांधता येतं, चासी गेली की गाडी गेली.

चार वर्षांपूर्वी मी खालून तो जाड काळा रबरी थर मारून घेतला. करणाऱ्याने धुऊन, वरवर घासून, एका दिवसात गाडी दिली. दिसायला सुंदर. मागच्या वर्षी ड्रायव्हरच्या दाराखालचा पट्टा तपासताना थराला बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. बाहेरून थर जसाच्या तसा आणि आत पत्रा नाहीच, नुसता तांबूस भुगा. गंजावर थर मारला की ओल आत कोंडते आणि गंज कुणाला न दिसता वाढतो.

आता मी वेगळं करते. पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात, सगळ्या मॅट आणि मागची बाकं काढते. खालच्या पत्र्यात पाणी जाण्यासाठी रबरी बुचं असतात, ती उघडून दोन दिवस गाडी उन्हात. मग पेचकसाच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, गेलेला बद्द वाजतो. दारांखालचे पट्टे, समोरच्या काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा, मागच्या चाकांमागची जागा आणि बॉडी चासीवर जिथे रबरावर बसते त्या जागा. पहिला गंज इथेच लागतो. सापडला तर उघड्या पत्र्यापर्यंत घासायचं, गंजावर फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण, मग रेड ऑक्साइडचं अस्तर, मग रंग. आणि चासीच्या पोकळीत मेणासारखं गंजरोधक, लांब नळीने. ते वाळून कडक होत नाही, त्यामुळे त्याला भेगा पडून आत ओल जात नाही.

एक विनंतीही आहे. वाळूत गाड्या घालू नका. किनाऱ्यावर गाडी नेण्यावर बंदी आहे, आणि कासवांच्या घरट्यांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. गाडीपुरतंच बोलायचं तर खारी वाळू ब्रेकच्या ड्रममध्ये आणि चासीत गेली की ती वर्षभर निघत नाही.

पान्हा_बारा

ताई, मेणाचं गंजरोधक महाग पडतं. आमच्याकडे रायगडात सगळे इंजिनचं जुनं काढलेलं तेल स्प्रेने खालून मारतात. पन्नास वर्षं जीपा टिकल्यात.

ओलीचिंब

दादा, टिकल्या असतील, पण मी नाही मारणार. जुन्या तेलात आम्लं असतात, ते रबराच्या बुशवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर उडतं. आणि पहिल्याच पावसात ते थेंब थेंब सोसायटीच्या गटारात जातं. आमच्या गटारातलं पाणी माहीमच्या खाडीत जातं. तेवढ्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

पान्हा_बारा

बरोबर आहे तुमचं. खाडीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सुट्या भागांबद्दल लिहितो, कारण जिप्सी बंद होऊन आता काही वर्षं झाली आणि लोक घाबरतात. १९८५ च्या अखेरीस ९७० सीसी इंजिनने आली, १९९६ ला १३०० सीसीचं आलं, २००० पासून एमपीएफआय. तीसहून जास्त वर्षं निघालेली आणि लष्कराने मोठ्या संख्येने वापरलेली गाडी आहे, त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्सचे भाग मिळतात. ऑपेरा हाउसच्या दुकानांत आधी विचारा. तिथे माल आज नसला तरी दोन दिवसांत मागवून देतात. दारं, काचेची चौकट, बंपर असलं जुनं हवं असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड.

सील आणि बेअरिंगसाठी मात्र मी नागदेवी स्ट्रीटलाच जातो. तिथे गाडीचं नाव सांगायची गरज नाही. जुनं सील घेऊन जा. त्यावरच आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. बेअरिंगवर नंबर असतो. दुकानदार नंबर वाचतो आणि मागच्या फळीवरून काढून देतो.

सीलची एक खुबी आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक चर पडलेली असते. नखाने लागते. नवं सील त्याच जागी बसवलं तर त्याचा ओठ त्या चरीत बसतो आणि महिन्याभरात पुन्हा गळायला लागतं. मग लोक म्हणतात नकली सील मिळालं. जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ गुळगुळीत भागावर येतो. बसवण्याआधी ओठाला तेल लावा, कोरडं बसवू नका.

तेलाच्या बाबतीत हौसिंगला जीएल-५ आणि गिअरबॉक्सला जीएल-४, या गिअर तेलाच्या दोन प्रती. दोन्हीकडे एकच डबा ओतू नका. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या (गिअरचा वेग जुळवणाऱ्या) कड्या पितळी असतात, आणि जीएल-५ मधली रसायनं पितळेला चांगली नाहीत.

घोडबंदरकर

तेलावरून आठवलं. माझ्या गाडीला तापण्याचा त्रास आहे. संध्याकाळी गायमुखपासून कापूरबावडीपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि काटा लाल रेषेकडे. रेडिएटर बदलला, पंप बदलला. मेस्त्रींनी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकला, म्हणाले आपल्या हवेत त्याची गरज नाही. तरी तेच.

एमएम५४०

थर्मोस्टॅट आधी परत बसवा. तो काढला की इंजिन लवकर तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि थंड चालल्याने आतली झीज वाढते. मुंबईत हा उपाय गल्लोगल्ली करतात आणि मला त्याचा फार राग येतो, कारण त्याने रोग झाकला जातो.

तुमचा त्रास उभ्या गाडीत होतो, चालत्या गाडीत होत नाही. म्हणजे हवा खेचली जात नाही. पंख्याचा व्हिस्कस क्लच, म्हणजे पंखा इंजिनशी जोडणारा भाग, पाहा. इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद करा आणि पंखा हाताने फिरवून बघा. थोडा जड लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे का तेही बघा. बऱ्याच गाड्यांत कधीतरी काढलेलं असतं आणि परत बसवलेलं नसतं. ते नसलं की पंखा तीच ती गरम हवा गोल फिरवत राहतो.

आणि डोंगरातून आलात की रेडिएटर इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने धुवा, कमी दाबाच्या पाण्याने. समोरून जोराचा फवारा मारला तर चिखल जाळ्यांत आणखी आत जातो आणि पत्र्याच्या पाकळ्या वाकतात. नळाचं पाणी भरू नका, कूलंटच.

घोडबंदरकर

कडं नाहीये! आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन पाहून आलो. क्लचचं उद्या बघतो. काका, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे.

सह्याद्रीचा_पाऊस

नमस्कार. मी नवा आहे. परळला राहतो. २००५ ची एक जिप्सी बघितली आहे, मालक सज्जन वाटले. घ्यावी का? पंधरा वर्षांनंतर मुंबईत अशा गाड्या चालतात का, याबद्दल घरी वाद चालू आहे. दिल्लीसारखं होईल असं वडील म्हणतात.

कातळवाट

चालतात. दहा वर्षांनी डिझेल आणि पंधरा वर्षांनी पेट्रोल बंद, हा नियम आला तो दिल्ली परिसरापुरता. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली. चारचाकीला ६०० ची ५००० झाली. वडिलांना हे दाखवा.

म्हणून गाडी बघायच्या आधी आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, बघा. नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वाढवलेली आहे ते त्यावर असतं. संपली असेल तर मालकांना आधी वाढवून मग विकायला सांगा. चासी नंबर स्वतः वाचा, कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा. गंजाने नंबर वाचता येत नसेल तर ती गाडी सोडून द्या, तपासणीत तिथेच अडकाल. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का तेही पाहा. समोर लोखंडी गार्ड लावलेला असेल तर काढायला लागेल, त्यावर २०१७ पासून बंदी आहे.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, दहा वर्षांचं रबर ओल्या घाटात धरत नाही.

चालवून बघताना फोर बाय फोर लावायला सांगा, पण कोरड्या डांबरावर नाही. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सामावणारं काही नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, ओल्या मातीत ती थोडी घसरून मोकळी होतात, डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा पीळ शाफ्टवर येतो. मैदान शोधा. पुढचे हब, म्हणजे चाकाच्या मध्यावरचे चाक ॲक्सलशी जोडणारे भाग, हाताने फिरवून लॉक होतात का पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेले हब धरलेले असतात. घेतलीत तर महिन्यातून एकदा हब लॉक करून दहा-पंधरा किलोमीटर साध्या टू व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांच्या जोरावर) चालवा, म्हणजे पुढच्या हौसिंगमधलं तेल वरच्या दात्यांपर्यंत पोचतं.

ओलीचिंब

सह्याद्रीचा_पाऊस, मॅट उचलून दाखवायला मालकांना जरूर सांगा. लाजू नका. आणि परळला तुमच्या इमारतीत गाडी तळमजल्यावर उभी राहणार असेल तर हिंदमाताच्या बाजूला पाणी भरतं तेव्हा तिचं काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी माझ्या काकांची गाडी पाण्यात बंद पडली आणि त्यांनी ती पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. इंजिनमध्ये पाणी शिरलं आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकला. पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलून काढायची. किल्लीला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात जास्त दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका. ओलीने ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना विटा लावा. बॅटरीची अर्थिंगची वायर काढून ठेवा. आणि दर चार दिवसांनी बोनेट उघडा. आमच्याकडे उंदरांनी दोनदा वायरिंग कुरतडलं. कुणी तंबाखूची पानं ठेवायला सांगितली होती, त्यांचा काही उपयोग झाला नाही. बोनेट उघडून उजेड आणि माणसाचा वावर ठेवला, तेव्हापासून बंद आहे.

पान्हा_बारा

उभ्या गाडीबद्दल माझंही एक. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल धरतं. जुन्या गाडीची टाकी लोखंडी. अर्धी रिकामी टाकी महिनाभर दमट हवेत राहिली की आतून गंजते आणि तो गंज फिल्टरमध्ये येतो. २०१० च्या आधीच्या गाड्यांच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा सगळ्या बदलून घ्या. वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या तर वाट बघू नका. पेट्रोलची गळती गरम इंजिनवर म्हणजे आग.

सह्याद्रीचा_पाऊस

मॅट उचलल्या. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याला हाताएवढं ठिगळ आहे, पण वेल्डिंग नीट आहे. नोंदणी २०३० पर्यंत. हब लॉक होतात. बाबा स्वतः बरोबर आले होते, आणि परत येताना टायरचे आकडे तेच मला वाचून दाखवत होते. घेतोय.

कातळवाट

अभिनंदन! पहिल्या रविवारी तेलं बदला. मालक काहीही सांगोत, सगळी.

माझ्याकडची खबर. परवा पुन्हा राजमाचीला जाऊन आलो. ओढ्यांना पाणी कमी होतं, पण दोन ठिकाणी हौसिंग बुडलं. काल रात्री गाडी सोसायटीच्या आवारात सपाट जागा बघून उभी केली, आणि आज सकाळी साडेसहाला खाली पुठ्ठा टाकून आडवा झालो. आधी वरचा बोल्ट, मग खालचा पाव फेरा. वाटीत पहिला थेंब पडला तो तेलाचा, मधासारखा आणि स्वच्छ. मागचं झालं, मग पुढचं. तेही स्वच्छ. कसून टाकले आणि मग धुवायला पाण्याची बादली आणली.

उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ड्रमखाली तेलाची ओल दिसतेय. ॲक्सलचं सील असणार. शाफ्टवर नख फिरवून बघेन, शनिवारी नागदेवीला जातोय. कुणाला तिथून काही आणायचं असेल तर मापं इथे लिहा.